सगळ्यांत आधी घरातलं माणूस

आई गेल्यावर दादांचं बोलणं जवळजवळ बंद झालं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. जेवलात का, गोळी घेतली का, असं विचारलं की मान हलायची, तेवढंच. करमाळ्याकडचं गाव सोडून ते सोलापुरात माझ्याकडे राहायला आले तेव्हा मला वाटलं होतं, चार माणसं दिसतील, मन रमेल. पण ते गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे आणि ऊन आलं की खुर्ची आत ओढायचे. त्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून कितीतरी वेळा थेंब घालायचे होते. मिस्टर बदलीच्या गावी, मुलगी पुण्याला शिकायला. एरवी शेजारच्या काकू लक्ष ठेवायच्या, पण एका रविवारी त्यांच्या घरी पाहुणे आले होते. म्हणून मी दादांना काळा चष्मा लावला, रिक्षात बसवलं आणि माझ्याबरोबर कॉलेजात नेलं.

मी इतिहास शिकवते. रविवारी सकाळी माझा एक वेगळा वर्ग असतो, नोकरीधंदा सांभाळून बाहेरून बी.ए. करणाऱ्यांचा. नेहमीच्या मुलांपेक्षा मला हा वर्ग जास्त आवडतो. कुणी यंत्रमागावर पाळी करून थेट आलेलं असतं, कुणी लेकराला आईकडे सोडून. सगळ्यांची वयं वेगळी, आणि घड्याळाकडे कुणी बघत नाही. त्या वर्षी पहिल्या बाकावर एक बाई बसायच्या. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात त्या कॉलर लावायचं काम करत. पंचेचाळिशीच्या असतील. शाळा लहानपणीच सुटलेली, मग मुलं मोठी झाल्यावर त्यांनी पुन्हा पुस्तक हातात घेतलेलं. घरी दख्खनी बोलणाऱ्या, पण मराठी अगदी ठसठशीत. सगळा वर्ग त्यांना भाभी म्हणायचा, मग मीही म्हणायला लागले. दुसरे एक गृहस्थ दुधनीहून सकाळच्या गाडीनं यायचे. सरकारी ऑफिसात क्लार्क होते, बढतीसाठी पदवी हवी होती. बोलणं थोडं तिखट, पण वर्ग कधी चुकवला नाही.

दादांना मी मागच्या बाकावर पंख्याखाली बसवलं. सांगितलं, कंटाळा आला तर बाहेर व्हरांड्यात बाक आहे. त्यांनी मान हलवली.

त्या दिवशी धडा होता इस्लामच्या उदयाचा. हा भाग शिकवताना मी जरा जपून असते. वर्गातल्या काहींसाठी ती श्रद्धा आहे. काहींच्या डोक्यात मोबाइलवर आलेलं काहीबाही असतं. पुस्तकात हा धडा दोन-तीन पानांत उरकला आहे. मक्का हे व्यापारी शहर, टोळ्यांचा समाज, पैगंबरांनी एका ईश्वराचा संदेश दिला आणि तो वेगानं पसरला. मी नकाशा काढला, उंटांच्या तांड्यांचे रस्ते दाखवले, टोळीचं संरक्षण नसलेल्या माणसाला त्या वाळवंटात कसा कुणी वाली नसे ते सांगितलं.

भाभींनी हात वर केला.

"मॅडम, हे 'वेगानं पसरला' कसं लिहिलंय? सुरुवातीला कितीतरी वर्षं मूठभरच माणसं होती की."

मी म्हटलं, बरोबर आहे, पुस्तकानं घाई केली आहे.

"मग ती मूठभर का आली, ते सांगा ना. मला गोष्ट माहीत आहे, अम्मीनं सांगितलेली. पण इतिहास म्हणून कशी सांगतात ते ऐकायचंय."

मी पुस्तक मिटलं. ही हकिकत परंपरेनं आलेली आहे आणि बरीच नंतर लिहिली गेली, हे आधी सांगितलं. मग सुरुवातीपासून सांगायला लागले.

चाळिशीचा एक माणूस. लहानपणीच आईवडील गेलेले, चुलत्याकडे वाढलेला. व्यापारात सचोटीचा, लोक आपली ठेव त्याच्याकडे ठेवायचे. त्याची पत्नी त्याच्याहून मोठी, स्वतःचा व्यापार असलेली विधवा. लग्नाआधी ते तिच्या मालाचे तांडे घेऊन जायचे. त्यांचा प्रामाणिकपणा पाहून लग्नाचं तिनंच विचारलं. पंधराएक वर्षं संसार झाला. मग त्यांना एकांताची ओढ लागली. गावाबाहेरच्या डोंगरावर गुहेत जाऊन बसायचे. आणि एक दिवस तिथं त्यांना असं काही ऐकू आलं, असं काही दिसलं, की ते थरथरत घरी आले. बायकोला म्हणाले, मला पांघरूण घाल. तिनं पांघरूण घातलं. कापरं थांबल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की मला माझीच भीती वाटते आहे.

मी फळ्याकडे वळले. मागच्या बाकावरून आवाज आला.

"मग ती काय म्हनली?"

सगळा वर्ग मागं वळला. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. काळा चष्मा लावलेले दादा पुढं वाकून बसले होते. कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

मी त्यांच्याकडे बघूनच उत्तर दिलं. ती म्हणाली, देव तुम्हाला कधी खाली बघायला लावणार नाही. तुम्ही नातीगोती सांभाळता, खरं बोलता, दुबळ्याचं ओझं उचलता, दारात आलेल्याला जेवू घालता. अशा माणसाचं वाईट होणार नाही. मग ती त्यांना आपल्या एका म्हाताऱ्या नातलगाकडे घेऊन गेली. तो जुने धर्मग्रंथ वाचणारा होता. त्यानं सांगितलं की हे खरं आहे, पण गावकरी तुला गावातून काढतील. तेव्हा अजून उपदेश नव्हता, अनुयायी नव्हते, लढाई नव्हती की राज्य नव्हतं. तरी तिनं विश्वास ठेवला. तीच पहिली.

"म्हंजे तिला मानूस म्हाईत हुतं," दादा म्हणाले, आणि पुन्हा मागं टेकून बसले.

रिक्षातून आम्ही घरी आलो. मी थेंब घालायला बसले तेव्हा म्हणाले, त्या बाईच्या माहेरच्यांनी काही त्रास दिला का? मी म्हटलं, ते पुढं येतं, पुढच्या रविवारी. ते म्हणाले, बरं.

पुढच्या रविवारपर्यंत थेंब कमी झाले होते, शेजारच्या काकूही मोकळ्या होत्या. पण मी तयार होऊन बाहेर आले तर दादा इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे होते.

त्या दिवशी मी त्या घरातल्या बाकी माणसांचं सांगितलं. चुलत्याचा मुलगा, ज्याला त्यांनी आपल्या घरी वाढवायला आणलं होतं. आणि एके काळी गुलाम म्हणून त्या घरात आलेला एक तरुण. त्याची गोष्ट मी भाभींना सांगायला लावली, कारण त्या बसल्या जागी चुळबुळ करत होत्या. भाभींनी ती उभं राहून सांगितली. लहानपणी टोळीच्या लुटीत तो पकडला गेला, बाजारात विकला गेला, असा फिरत फिरत या घरी आला. त्याचा बाप वेड्यासारखा त्याला शोधत होता. शेवटी पत्ता लागला आणि बाप त्याला सोडवून न्यायला मक्केत आला. पैगंबर तेव्हा पैगंबर झाले नव्हते. त्यांनी मुलाला सांगितलं, तुला जायचं तर जा, काही द्यायला नको. मुलगा म्हणाला, मी इथंच राहतो.

"बापाला किती लागलं असेल, ते अम्मी दरवेळी सांगायची," भाभी म्हणाल्या. "पण ती म्हणायची, सोडून जायची मोकळीक असताना जो थांबला, त्यानं नंतर विश्वास ठेवला तर त्यात नवल काय?"

मग मी त्या मित्राचं सांगितलं, जो कापडाचा व्यापारी होता. ज्यानं ऐकलं आणि जराही वेळ न घेता हो म्हटलं, आणि मग आपल्या ओळखीतली माणसं एकेक करून आणली. उपदेश मोठ्यानं करायची सोय नव्हती, तेव्हा एका तरुणाच्या घरात दार लावून ही माणसं जमत. त्यात चांगल्या घरांतली पोरं होती, तसे गुलामही होते. एका हबशी गुलामाला मालकानं तापल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवला, तरी तो "एक, एक" एवढंच म्हणत राहिला. त्या व्यापारी मित्रानंच नंतर त्याला सोडवलं. एका वृद्ध दासीनं हा विश्वास सोडायला नकार दिला म्हणून तिचा जीव घेतला.

दुधनीचे क्लार्क मागून म्हणाले, "मॅडम, यात विशेष काय आहे? गुलाम होते, गरीब होते. त्यांच्याकडं गमवायला काय होतं? अशी माणसं कुठल्याही नव्या गोष्टीच्या मागं जातातच."

वर्गात जरा अवघडल्यासारखं झालं. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे, वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून, आमच्याबद्दल. आम्ही बौद्ध. मी उत्तर जुळवत होते, त्या श्रीमंत घरांतल्या पोरांचं उदाहरण देणार होते. तेवढ्यात बाक सरकल्याचा आवाज झाला. दादा उभे राहिले होते. चष्मा त्यांनी काढून हातात घेतला होता.

"गमवायला काय न्हाय, असं कसं म्हनता सायेब?" ते शांतपणे म्हणाले. "तालेवाराचं एक गेलं तर दुसरं असतंय. आमच्याकडं एकच भाकर हुती. तीच सोडायची हुती."

क्लार्कनी मान वर केली. मी दादांना म्हटलं, बसून बोला. ते बसले नाहीत. बाकाचा आधार घेऊन त्यांनी सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. बाकी सगळीकडे लोकांनी दीक्षा घेऊन काही वर्षं लोटली होती, पण आमच्या गावात कुणी धजत नव्हतं. कुर्डुवाडीला रेल्वेत असलेला भावकीतला एक माणूस सुट्टीला यायचा आणि चावडीमागच्या लिंबाखाली सगळ्यांना बसवून सांगायचा. देव सोडा, मेलेली गुरं ओढायचं सोडा, दारोदार भाकर मागायचं सोडा. लोक ऐकायचे, खरं आहे म्हणायचे आणि उठून घरी जायचे. कारण गावकीची कामं करायची आणि त्याबदली घरोघर फिरून पाटीत भाकरी गोळा करायच्या, यावरच घरं चालायची. पाटी सोडली तर चूल विझली. एकदा अशाच बैठकीत दादा उभे राहिले आणि म्हणाले, मी सोडतो.

"बोलताना काय वाटलं न्हाय," ते म्हणाले. "घराकडं निगालो आन् पाय लटलट कापाय लागले. आई-बा म्हातारे, ही नवी नवरी. उद्या काय खायाचं? घरी यिऊन वाकळ घिऊन पडलो. हिला वाटलं, हिवताप आलाय."

आईनं विचारलं, काय झालं. सासूसासऱ्यांच्या समोर बोलायची तेव्हा पद्धत नव्हती, तरी तिनं विचारलं. दादांनी सांगितलं. ती म्हणाली, त्यो मानूस जे सांगतोय ते तुमाला खरं वाटलं का? दादा म्हणाले, व्हय. ती म्हणाली, मग झालं की. एवढं बोलून ती उठली, कोपऱ्यातली भाकरीची पाटी घेतली, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. कळकाची, म्हणजे बांबूची वाळलेली पाटी, भुरुभुरु पेटली. त्याच जाळावर त्या दिवशीचं कोरड्यास, म्हणजे कालवण, शिजलं. माझी आजी भिंतीशी बसून रडत होती.

"मी नुसतं बोललो हुतो," दादा म्हणाले. "सकाळी उठून माघारी फिरलो बी असतो. पाटीच न्हाय म्हटल्यावर कुटं फिरतो? गावात मला पैला म्हंत्यात. मी पैला न्हाय. हिची आई पैली."

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मग बसले.

मी तिथंच टेबलाशी उभी होते. या गोष्टीतलं दादांचं उभं राहणं मला ठाऊक होतं, गावात दर वर्षी दीक्षेच्या दिवसाच्या कार्यक्रमात ते सांगितलं जातं. पाटीचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईनंही नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ती मागं बायकांत बसून केळी कापत असायची. कुणी भाषणात दादांचं नाव घेतलं की टाळ्या वाजवायची, सगळ्यांच्याबरोबर. ती टाळ्या वाजवतानाची माझ्या डोळ्यांपुढं आली आणि मला रडू यायच्या ऐवजी एकदम हसू आलं.

भाभी मागं वळून म्हणाल्या, "आमच्यात पण बाईच पहिली, चाचा."

"व्हय की," दादा म्हणाले. "मागल्या रविवारी ऐकलं."

त्यानंतरच्या रविवारी वर्ग लवकरच भरला होता. दादांसाठी कुणीतरी ऑफिसमधून हाताची खुर्ची आणून ठेवली होती. कुणी आणली ते मी विचारलं नाही, पण क्लार्क कपाळाचा घाम पुसत होते.

त्या दिवशी बहिष्काराचा भाग होता. मक्केतल्या पुढाऱ्यांनी ठरवलं की पैगंबरांच्या कुळाकडून कुणी काही विकत घ्यायचं नाही, त्यांना विकायचं नाही, त्यांच्याशी सोयरीक करायची नाही. कुळातल्या ज्यांनी नवा धर्म घेतला नव्हता तेही आपल्या माणसाच्या बाजूनं उभे राहिले आणि सगळे एका दरीत जाऊन राहिले. दोन-तीन वर्षं असं चाललं. झाडाचा पाला खाऊन दिवस काढले, पोरांचं रडणं दरीबाहेर ऐकू यायचं, असं परंपरा सांगते. मी वर्गाला म्हटलं, याच्या आधी काही माणसं समुद्रापलीकडे हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, गेली होती, तिथल्या ख्रिस्ती राजानं त्यांना आसरा दिला. पण जी मागं राहिली त्यांना ही दरी सोसावी लागली.

"मग दाना कुटनं यायचा?" दादांनी विचारलं.

मी सांगितलं की मक्केतच काही माणसं होती, ज्यांचा या नव्या धर्मावर विश्वास नव्हता, पण ज्यांना हे बघवत नव्हतं. त्यातला एक उंटावर धान्य लादायचा, दरीच्या तोंडाशी आणायचा आणि लगाम सोडून उंटाला आत हाकलायचा. शेवटी अशाच चार-पाच जणांनी उघड विरोध केला आणि बहिष्कार मोडला.

दादा खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, आमच्याकडे उंट नव्हता, पण बाई होती.

पाटी जळल्यावर गावानं आमचं घर वाळीत टाकलं. दुकानात मीठ मिळेना, शेतावर काम मिळेना. आई-दादा दूरच्या गावी खुरपायला जायचे. त्यांच्या वाटेवर एका शेतकऱ्याचं ज्वारीचं रान होतं. त्याची बायको काढणीच्या दिवसांत बांधावर कणसांचा ढीग करून ठेवायची आणि आई-दादा जवळ आले की गड्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायची, ही कणसं किडकी हायती, गुरांना टाकलीत, कुनी नेली तरी मला न्हाय ठावं. कणसं टपोरी असायची.

"तिनं तिचं द्येव सोडलं न्हाईत," दादा म्हणाले. "सोड म्हनायला आमी बी गेलो न्हाय. पर तिच्या कनसावर आमी जगलो. तिचं बी नाव घ्याय पायजे का न्हाय?"

भाभी म्हणाल्या, घ्यायलाच पाहिजे. मग त्यांनी विचारलं, बाकीच्यांनी कधी दीक्षा घेतली? दादा म्हणाले, आधी शेजारचं घर, मग साडूचं, मग हळूहळू करत वस्तीच. पोरं शाळेत जायला लागली तेव्हा कुठं सगळे आले.

वर्ग सुटल्यावर क्लार्क दादांजवळ आले. आता ते काय बोलतील याची मला धास्ती वाटली. ते म्हणाले, आम्ही लिंगायत. घरात कन्नड बोलतो. आमच्यातही कुणीतरी पहिल्यांदा शरणांच्या, आमच्या संतांच्या, मागं गेलं असणार, घरच्यांनी दार लावून घेतलं असणार. तो कोण होता, मला ठाऊक नाही. घरात कुणी कधी विचारलंच नाही.

"तो म्हंता," दादा म्हणाले, "ती बी असंल."

क्लार्क हसले आणि स्टेशनला जाता जाता दादांना मित्राकडून आणलेल्या मोटारसायकलवरून घरी सोडतो म्हणाले. मी नको म्हणेपर्यंत दादा मागच्या सीटवर बसलेही होते.

पावसाळा सरल्यावर गावाकडून कार्यक्रमाचं बोलावणं आलं. आई गेल्यापासून दादा तिकडे गेले नव्हते. या खेपेला त्यांनी स्वतः विचारलं, गाडी किती वाजता आहे. आम्ही एस.टी.नं गेलो. विहारासमोर मांडव होता, खुर्च्या होत्या, माइक होता. वंदना झाली, भाषणं झाली, आणि नेहमीप्रमाणे गावातल्या पहिल्या माणसाचा सत्कार म्हणून दादांना वर बोलावलं. शाल घालायला सरपंच पुढं झाले. दादांनी ती हातातच घेतली, खांद्यावर टाकून घेतली नाही.

माइकवर ते फार बोलले नाहीत. पाटीचं सांगितलं, बांधावरच्या कणसांचं सांगितलं. मग म्हणाले, ही शाल तिची आहे, मी तिच्या वतीनं घरी नेतो. मांडवात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, लोकांना आवडलं नसेल. इतक्या वर्षांची सांगायची पद्धत त्यांनी मोडली होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. ती आमची जुनी शेजारीण, आईच्याच वयाची, कंबरेत वाकलेली. तिला माइक नेऊन दिला तर तिनं तो बाजूला सारला.

"मला म्हाईत हाय की," ती म्हणाली. "आमच्या घरात बसून मला पाटी मोडल्याचा आवाज आलाय. मला वाटलं, नवरा मारतोय. दुसऱ्या दिशी बगते तर ही डोक्यावर पदर घिऊन खुरपं घिऊन चाललीया, आन् हसतीया. म्हटलं, हिला भ्या वाटंना तर मला कशाला वाटाय पायजे? मग मी आमच्या घरातली पाटी काडली. नवऱ्याला इचारलं बी न्हाय."

मांडवात हसण्याची लाट उठली आणि मग टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात. म्हातारी उभीच होती. दादा स्टेजवरून उतरले, तिच्याजवळ गेले, आणि दोघं काहीतरी बोलत राहिले. काय ते मला ऐकू आलं नाही.

मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवते की नवा विचार कसा पसरतो. व्यापारी मार्ग, शहरं, विषमता, राजाश्रय, सगळं फळ्यावर लिहिते, आणि ते खोटं नाही. पण पहिला माणूस आणि दुसरा माणूस यांच्यामधलं अंतर कसं कापलं जातं, ते त्या मांडवात मला दिसलं. विचार पटायच्या आधी माणूस पटतं. मक्केतल्या त्या घरात काय झालं असेल, तो तरुण गुलाम, तो कापडवाला मित्र, दार लावून बसलेली ती पोरं एकमेकांकडे कशी बघत असतील, याची थोडी कल्पना मला त्या दिवशी आली. आता मी हा धडा शिकवते तेव्हा नकाशा नंतर काढते.

भाभींनी शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली आणि चांगल्या वर्गात पास झाल्या. क्लार्कनाही पदवी मिळाली, बढतीची वाट बघतायत. दादा अजून रविवारी वर्गाला येतात. नव्या मुलांना वाटतं, ते निवृत्त प्राध्यापक आहेत, आणि दादा काही तसं नाही असं सांगत नाहीत.

पास झाल्यावर भाभींनी त्यांच्या गल्लीत एक काम सुरू केलं. शाळा सुटलेल्या बायकांना दहावीला बसवायचं, दुपारी कारखान्याची जेवणाची सुट्टी असते तेव्हा. घरातली पुढची खोली त्यांनी रिकामी केली, चटई टाकली, दारोदार जाऊन सांगून आल्या. सगळ्या हो म्हणाल्या आणि कुणीच आलं नाही. भाभींनी मला फोन केला. आवाज उतरलेला होता. दादांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, बसून ऱ्हावा. तुमाला बघनारं कुनीतरी असतंय.

काही दिवसांनी भाभींची जाऊ येऊन बसली. ती इतकी वर्षं एकाच घरात राहून भाभींना घरच्या शिलाई मशीनवर पुस्तक टेकवून वाचताना बघत होती, एक शब्द न बोलता. म्हणाली, माझ्या पोरींना सांगू नका, आधी जमतंय का बघते. मग जावेची मैत्रीण आली, मग कारखान्यातली बटणं लावणारी एक मुलगी, तिच्या मागं तिची आई. गेल्या आठवड्यात मी दादांना घेऊन तिथं गेले तेव्हा एक चटई पुरत नव्हती. समोरच्या घरातून दुसरी आणून अंथरली आणि दादा दारातल्या स्टुलावर बसले.